गोणपाटाचे मोल

इटलीतील एखाद्या लिलावगृहाची सूची हाती आली, तर तिच्यातील नोंदींची मांडणी आपल्या कचेरीतील साठा-नोंदवहीची आठवण करून देते. कलावंताचे नाव, कृतीचे शीर्षक, वर्ष, लांबी-रुंदी, साहित्य, सही कोठे आहे, पूर्वीचे मालक कोण, आणि सर्वांत शेवटी अपेक्षित किंमत. जुन्या चित्रांच्या बाबतीत 'साहित्य' या सदराखाली 'फळीवर तैलरंग' किंवा 'कापडावर तैलरंग' एवढेच लिहिलेले असते. आधुनिक इटालियन कृतींच्या बाबतीत मात्र तेथे 'संमिश्र माध्यम' असे शब्द येतात. आणि तपशील दिलाच असेल तर गोणपाट, सुतळी, सरस, जळके लाकूड, पत्रा, चिंध्या, सिमेंट अशी भंगारवाल्याच्या दुकानात शोभेल अशी यादी वाचावयास मिळते. त्याच नोंदीच्या अखेरीस दिलेला आकडा पाहून सामान्य माणूस स्तिमित होतो आणि मनात म्हणतो, या पोत्याला इतके पैसे कोण देतो, आणि का देतो?

हा प्रश्न अडाणीपणाचा समजून हसण्यावारी नेणे योग्य होणार नाही. चित्राचे पैसे नेमके कशाचे द्यावयाचे, हा प्रश्न इटलीत गेली पाचशे-सहाशे वर्षे विचारला जात आहे. त्याची उत्तरे वेळोवेळी बदलली, आणि ती बदलताना मागे लेखी पुरावा ठेवून गेली. करारनामे, कायदे, संसदेतील प्रश्न आणि शिक्क्याची प्रमाणपत्रे यांतून तो इतिहास आपणांस वाचता येतो. ज्यांचे आयुष्य अशाच कागदपत्रांच्या सहवासात जाते, त्या आपल्या वाचकांना तो विशेष जवळचा वाटेल अशी आशा आहे.

प्रारंभ एका करारनाम्यापासून करू. २३ ऑक्टोबर १४८५ रोजी फ्लॉरेन्स येथील अनाथ बालकांच्या आश्रमाचे प्रमुख आणि चित्रकार दोमेनिको गिर्लांदायो यांच्यात एक लेख झाला. बालयेशूच्या दर्शनास आलेल्या ज्ञानी पुरुषांचे चित्र गिर्लांदायोने रंगवावयाचे होते. मोबदला ११५ मोठे फ्लोरिन, तो दरमहा तीन फ्लोरिन या हप्त्याने मिळावयाचा. मुदत तीस महिन्यांची. मुदत टळल्यास पंधरा फ्लोरिन दंड. इतके तपशील आजच्या बांधकाम खात्याच्या अधिकाऱ्यालाही ओळखीचे वाटतील. पण या लेखातील सर्वांत बोलके कलम निळ्या रंगाविषयीचे आहे. निळा रंग औंसाला सुमारे चार फ्लोरिन किमतीचाच असला पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हा रंग अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येणाऱ्या लाजवर्दाच्या दगडापासून तयार होई, आणि इटलीत तो अत्यंत महाग विके. स्वस्तातला निळा रंग वापरून चित्रकाराने आपणांस फसवू नये, ही त्या कलमामागची काळजी होती. थोडक्यात, गिऱ्हाईक पैसे देत होते ते बऱ्याच अंशी मालाचे. सोनाराकडे दागिना करावयास टाकताना आपण सोन्याचा कस पाहतो आणि घडणावळ निराळी धरतो, तसाच हा व्यवहार होता.

तथापि नव्या विचाराचा उगम त्यापूर्वीच झालेला होता. १४३५ साली लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती याने चित्रकलेवर लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला. चित्रात सोने दाखवावयाचे असेल तर सोन्याचा वर्ख डकवू नये, साध्या रंगांनीच सोन्याची झळाळी उमटवावी, आणि यातच चित्रकाराचे कौशल्य व गौरव आहे, असे मत त्याने त्यात मांडले. मोल मालाचे नाही, हाताचे आहे, असा या मताचा निष्कर्ष निघतो. विचार आधी बदलतात आणि करारनाम्यांचे नमुने मागाहून बदलतात, हा अनुभव सर्व देशांतील कचेऱ्यांचा आहे. म्हणून आल्बेर्तीनंतर पन्नास वर्षांनीही निळ्या रंगाचे कलम टिकून राहिले. पण त्याच्या शेजारी दुसरे एक कलम हळूहळू येऊन बसू लागले होते. १४४५ साली सान्सेपोल्क्रो या गावातील एका धार्मिक मंडळाने पिएरो देल्ला फ्रांचेस्का याच्याशी वेदीवरील चित्रासाठी १५० फ्लोरिनांचा करार केला. त्यात उत्तम सोने आणि उत्तम निळा रंग यांचा आग्रह तर आहेच. पण पिएरोखेरीज अन्य कोणत्याही चित्रकाराने कुंचल्याला हात लावू नये, अशीही अट आहे. काम तीन वर्षांत व्हावयाचे होते. प्रत्यक्षात एका तपाहून अधिक काळ लोटला. गावकऱ्यांनी वाट पाहिली, कारण त्यांना पिएरोचाच हात हवा होता. सोनेरी पार्श्वभूमीवरील ते चित्र आजही त्याच गावाच्या संग्रहालयात आहे.

यानंतरच्या चार शतकांत हाताचे मोल वाढत जाऊन मालाचे मोल जवळजवळ शून्यावर आले. रंग कारखान्यात तयार होऊ लागले, निळा रंगही स्वस्त झाला, आणि चित्राची किंमत ठरविताना कापड-रंगाचा हिशेब कोणी विचारीनासे झाले. माल असा विस्मृतीत गेला असतानाच विसाव्या शतकाच्या आरंभी तो अनपेक्षित वाटेने परत आला. ११ एप्रिल १९१२ ही तारीख घातलेल्या एका जाहीरनाम्यात उम्बेर्तो बोच्चोनी या भविष्यवादी कलावंताने शिल्पातील संगमरवर आणि ब्राँझ यांच्या मक्तेदारीवर हल्ला चढविला. एकाच कृतीत वीस निरनिराळे पदार्थ वापरता येतील, असे सांगून त्याने काच, लाकूड, पुठ्ठा, लोखंड, सिमेंट, घोड्याचे केस, चामडे, कापड, आरसे आणि विजेचा दिवा अशी यादीच दिली. आजच्या सूच्यांतील 'संमिश्र माध्यम' या शब्दांचे इटलीतील कुळ येथपर्यंत नेऊन भिडविता येते. बोच्चोनी १९१६ साली लष्करी सेवेत असताना घोड्यावरून पडून मृत्यू पावला आणि अशा मिश्र साहित्याच्या त्याच्या बहुतेक कृती पुढे नष्ट झाल्या. परंतु त्याच्या यादीने दार उघडले होते.

त्या दारातून आत आलेला सर्वांत महत्त्वाचा मनुष्य व्यवसायाने वैद्य होता. आल्बेर्तो बुर्री याचा जन्म १९१५ साली चित्ता दी कास्तेल्लो येथे झाला. हे गाव तीबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पिएरोच्या सान्सेपोल्क्रोपासून अगदी जवळ आहे. त्यामुळे पिएरोची चित्रे हा बुर्रीच्या परिसराचाच एक भाग होता. १९४० साली तो पेरूजा विद्यापीठातून वैद्यकीचा पदवीधर झाला, लष्करी डॉक्टर म्हणून आफ्रिकेच्या आघाडीवर गेला, आणि १९४३ साली ट्यूनिशियात पकडला जाऊन टेक्सासमधील हेरेफर्ड येथील युद्धकैद्यांच्या छावणीत येऊन पडला. तेथे त्याने वैद्यकी सोडली आणि हाताशी आलेल्या गोणपाटावर चित्रे काढावयास प्रारंभ केला. १९४६ साली तो मायदेशी परतला, तेव्हा इटली पराभूत आणि दरिद्री झाली होती. अमेरिकेतून आलेल्या मदतीच्या पोत्यांचे दर्शन त्या काळी तेथे नित्याचे होते. १९४९ सालच्या त्याच्या एका कृतीत साखरेच्या पोत्याचा तुकडा आहे आणि त्यावर अमेरिकेच्या ध्वजाचे तारे व पट्टे छापलेले आहेत. पुढील काही वर्षांत त्याने जुनी, फाटकी, ठिगळे लावलेली पोती ताणून, शिवून, चिकटवून मोठमोठे फलक तयार केले. मधूनच एखादे भोक, त्यातून दिसणारा तांबडा वा काळा रंग, आणि दाभणाने घातल्यासारखे जाड टाके. काही कृतींत त्याने गोणपाटाशेजारी सोन्याचा वर्खही बसविला. तो पाहताना पिएरोच्या सोनेरी पार्श्वभूमीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

गोणपाट हे तागाचे कापड, आणि ताग म्हटला की गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाकडील बंगाल. एकोणिसाव्या शतकापासून जगाचे धान्य, साखर आणि कॉफी वाहणारी बहुतेक पोती याच भूमीतील तागाची, हुगळीकाठच्या किंवा स्कॉटलंडमधील डंडीच्या गिरण्यांत विणलेली असत. १९४७ च्या फाळणीने तागाची बहुतेक शेते पूर्व बंगालात आणि गिरण्या पश्चिम बंगालात अशी ताटातूट केली. कलकत्त्याला नोकरी केलेल्या आपल्या बांधवांना त्या गिरण्यांची धुराडी परिचित असतील. बुर्रीच्या हाती आलेले एखादे विशिष्ट पोते कोणत्या गिरणीचे, हा शोध घेण्याचे कारण नाही. पण शेतकरी, विणकर, हमाल आणि गोदीकामगार अशा किती हातांतून ते त्याच्यापर्यंत पोहोचले असेल, याची कल्पना आपणांस इतरांपेक्षा अधिक चांगली करता येईल.

या फाटक्या पोत्यांत अनेक समीक्षकांना जखमा, मलमपट्टी आणि शस्त्रक्रियेचे टाके दिसले. लेखक मूळचा डॉक्टर, त्यातून युद्धात गेलेला; तेव्हा हा अर्थ सहज सुचणारा होता. स्वतः बुर्रीने मात्र तो कधी मान्य केला नाही. आपल्या चित्रांविषयी शब्दांत काही सांगण्यासारखे नाही, अशीच त्याची भूमिका राहिली. त्याची ही भूमिका मानली तरी एक गोष्ट उरते. पंधराव्या शतकात माल किमती होता म्हणून मोजला जाई. येथे माल कवडीमोल होता, पण त्याने काहीतरी सोसलेले होते, आणि ते सोसणे कापडावर दिसत होते. नव्या कोऱ्या कापडावर रंगविलेल्या पोत्याच्या चित्राने हे साधले नसते.

रोममधील आधुनिक कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात बुर्रीचे एक मोठे पोते लागले, तेव्हा प्रकरण संसदेपर्यंत गेले. १९५९ साली सेनेटर उम्बेर्तो तेर्राचीनी यांनी शिक्षणमंत्र्यांना प्रश्न केला, की हे जुने, मळके, फाटके बारदान राष्ट्रीय संग्रहालयात कशासाठी आणि त्यासाठी खर्च किती? तेर्राचीनी म्हणजे कोणी सवंग वक्ता नव्हे. १९४७ साली इटलीच्या घटना-समितीने राज्यघटना संमत केली ती त्यांच्याच अध्यक्षतेखाली. जनतेच्या पैशाचा हिशेब मागणे हा त्यांचा अधिकारच होता. दुसऱ्या बाजूला संग्रहालयाच्या संचालिका पाल्मा बुकारेल्ली होत्या. युद्धकाळात संग्रहातील चित्रे सुरक्षित स्थळी हलवून त्यांनी ती वाचविली होती. अशा दोन कर्तव्यनिष्ठ व्यक्तींमध्ये हा वाद उभा राहिला, म्हणूनच तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. असा प्रश्न आला की खात्यात टिपणे कशी फिरतात, हे वाचकांना सांगावयास नको. पण 'खर्च किती' या प्रश्नाला आकड्याने उत्तर देता येते; 'कशासाठी' या प्रश्नाला कोणत्या रकान्यात उत्तर लिहावे?

बाजाराने आपले उत्तर मात्र यथावकाश दिले. फेब्रुवारी २०१६ मध्ये लंडन येथील लिलावात बुर्रीची 'पोते आणि तांबडा' ही १९५९ सालची कृती सुमारे ९१ लाख पौंडांना विकली गेली. शिवाय इटलीच्या आजच्या कायद्यानुसार, दिवंगत कलावंताची सत्तर वर्षांहून जुनी आणि ठराविक किमतीवरची कृती शासनाच्या अनुमतीवाचून देशाबाहेर नेता येत नाही. बुर्री १९९५ साली निवर्तला. म्हणजे १९५० च्या सुमाराची त्याची पोती आता या कायद्याच्या कक्षेत आली आहेत. ज्या बारदानाचा जाब शासनाला विचारण्यात आला होता, त्याच जातीच्या बारदानावर आज शासन पहारा देत आहे.

बुर्रीने मालाला प्रतिष्ठा दिली. त्याच्यानंतरच्या एका तरुणाने केवळ नावाला किती किंमत येते, याची परीक्षा पाहिली. मिलानच्या पिएरो मांत्सोनी याने मे १९६१ मध्ये नव्वद डबे तयार केले. प्रत्येकावर क्रमांक, सही आणि चार भाषांतील चिठ्ठी: आत कलावंताची विष्ठा, निव्वळ वजन तीस ग्रॅम. किंमत तितक्याच वजनाच्या सोन्याइतकी. औंसाला ३५ डॉलर या त्या वेळच्या अधिकृत दराने ती ३४ डॉलरांच्या आसपास होते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही आपली म्हण. येथे हातातल्या कथलानेच सोन्याचा भाव मागितला! हा प्रकार ओंगळ खरा, पण त्यातील मर्म ओंगळ नाही. कलावंताच्या हातचे काहीही चालेल, असे बाजार म्हणत असेल, तर घ्या, असे त्याने सुनावले. बाजाराने ते खरोखरीच घेतले. आत केवळ प्लास्टर आहे, असे मांत्सोनीच्या एका कलावंत-मित्राने २००७ साली लिहिले. डबा उघडून खात्री करावी तर त्याचे मोल जाते, म्हणून मालक तो उघडीत नाहीत. २०१६ साली मिलानमध्ये एक डबा २,७५,००० युरोंना गेला. तीस ग्रॅम सोन्याच्या त्या दिवशीच्या किमतीच्या ही रक्कम अडीचशे पटींहून अधिक भरते.

त्याच वर्षी मांत्सोनीने जिवंत माणसांवर सही करून त्यांना कलाकृती म्हणून घोषित केले आणि तशी प्रमाणपत्रे दिली. त्यांवरील शिक्क्यांचे रंग ठरलेले होते. तांबडा शिक्का म्हणजे मनुष्य मरेपर्यंत संपूर्णपणे कलाकृती. पिवळा म्हणजे शरीराचा नमूद केलेला भागच तेवढा. हिरवा म्हणजे झोपेत किंवा गाताना अशा विशिष्ट अवस्थेपुरता. आणि जांभळा म्हणजे तांबड्यासारखाच, पण पैसे भरून मिळविलेला. कोणत्याही सचिवालयाने हेवा करावा अशी ही शिक्क्यांची पद्धत होती. मांत्सोनी १९६३ साली वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी वारला. त्याने थट्टेने सुरू केलेली ही वाट पुढे राजमार्ग होणार, हे पाहावयास तो राहिला नाही.

कारण प्रमाणपत्राची गरज खरोखरच वाढत होती. गोणपाटाचा तुकडा कोणालाही मिळतो; तेव्हा खरा कोणता आणि बनावट कोणता, हे कापड पाहून कसे ठरवावे? २० नोव्हेंबर १९७१ रोजी इटलीने १०६२ क्रमांकाचा कायदा केला. कलाकृतींचा व्यापार करणाऱ्याने विकलेल्या कृतीच्या छायाचित्रावर तिच्या अस्सलपणाचे व मूळ ठिकाणाचे सहीनिशी प्रमाणन करून ते ग्राहकास द्यावे, असे बंधन त्याने घातले. हेच कलम २००४ च्या सांस्कृतिक वारशाच्या संहितेत आजही आहे. कायद्याचा हेतू ग्राहकाच्या रक्षणाचा आणि सर्वथा उचित होता. परंतु त्यामुळे वस्तूच्या मागे येणारा कागद हळूहळू वस्तूच्या बरोबरीने चालू लागला.

१९६७ साली जेनोआ येथे समीक्षक जेर्मानो चेलांत याने काही तरुण कलावंतांचे प्रदर्शन भरविले आणि त्यांच्या कलेला 'दरिद्री कला' असे नाव दिले. माती, कोळसा, चिंध्या, झाडांचे बुंधे हे त्यांचे साहित्य होते. त्याच पिढीतील मिकेलांजेलो पिस्तोलेत्तो याने त्या वर्षी जुन्या कपड्यांच्या ढिगाकडे तोंड करून उभी असलेली व्हीनसची मूर्ती मांडली. या कृतीची एक भव्य आवृत्ती जुलै २०२३ मध्ये नेपल्सच्या चौकात कोणी पेटवून दिली, आणि पुढील वर्षी ती पुन्हा उभारण्यात आली. कपडे नवे आले, कृती तीच राहिली. माल जळला तरी कृती उरते, हे एकदा मान्य झाले की पुढची पायरी दूर नसते.

ती पायरी पादुव्यात जन्मलेल्या मौरित्सियो कात्तेलान याने गाठली. डिसेंबर २०१९ मध्ये मायामीच्या कलाबाजारात त्याने भिंतीवर चिकटपट्टीने लावलेले एक केळे १,२०,००० डॉलरांना विक्रीस ठेवले. केळे नासले की बदलावयाचे असते. ते किती उंचीवर आणि कसे लावावे, याच्या सूचना मालकास मिळतात, आणि त्यांच्यासोबत प्रमाणपत्र. २० नोव्हेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्कच्या लिलावात या कृतीची एक प्रत दलालीसह सुमारे ६२ लाख डॉलरांना गेली. विकत घेणाऱ्याने काही दिवसांनी हाँगकाँगमध्ये पत्रकारांसमक्ष केळे खाऊन टाकले, आणि तरीही त्याच्या मालकीची कृती अबाधित राहिली. लिलावाच्या दिवशीचे केळे जवळच्या फूटपाथवरील एका फळविक्रेत्याकडून ३५ सेंटांना आणलेले होते. गिर्लांदायोच्या निळ्या रंगापासून निघालेले मोल अशा रीतीने मालातून हातात, हातातून नावात, आणि नावातून कागदात येऊन पोहोचले.

येथे आपल्या व्यवसायाचा अनुभव उपयोगी पडावा. आपण रोज किती कागद साक्षांकित करतो! सत्यप्रत म्हणून शिक्का मारतो तेव्हा प्रत मुळाबरहुकूम आहे, इतकेच आपण सांगत असतो. मुळात लिहिलेले खरे की खोटे, शहाणपणाचे की मूर्खपणाचे, याची हमी आपण देत नाही. कलाकृतीच्या प्रमाणपत्राची मर्यादाही नेमकी तीच आहे. ही कृती अमक्याची, एवढे ते सांगते. ती मोलाची आहे की नाही, हे पाहणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी ठरवावे लागते, आणि ही जबाबदारी कोणत्याही शिक्क्यावर सोपविता येत नाही. बाजारातील गोंधळाचे मूळ, मला वाटते, शिक्कामोर्तब झालेल्या कागदाकडे पाहून ही जबाबदारी टाळण्यात आहे. तेर्राचीनींचा प्रश्न म्हणूनच अजून जिवंत आहे. फक्त तो मंत्र्याला विचारण्याऐवजी प्रत्येकाने त्या पोत्यासमोर उभे राहून स्वतःला विचारावयास हवा.

बुर्रीने आयुष्याच्या उत्तरार्धात केलेली एक कृती अशी आहे, की तिथे हा प्रश्न विचारणे सोपे जाते, कारण मध्ये किमतीचा आकडा येत नाही. जानेवारी १९६८ मध्ये सिसिलीतील बेलीचे खोऱ्यात भूकंप होऊन जिबेल्लीना हे गाव जमीनदोस्त झाले. नवे गाव मैलोगणती दूर वसविण्यात आले आणि नगराध्यक्ष लुदोविको कोर्राओ यांनी ते सजविण्यासाठी देशातील कलावंतांना पाचारण केले. बुर्रीने नव्या गावात काही करण्याचे नाकारले व तो जुन्या गावाच्या अवशेषांकडे वळला. त्या ढिगाऱ्यांवर त्याने १९८४ ते १९८९ या काळात पांढऱ्या सिमेंटची अफाट चादर अंथरली. पुढे काम थांबले. उरलेला भाग २०१५ साली, त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, पुरा झाला. आठ हेक्टरांच्या आसपास पसरलेल्या या कृतीत माणसाच्या खांद्याइतक्या उंचीचे सिमेंटचे ठोकळे आहेत, आणि त्यांच्यामधल्या भेगा जुन्या गल्ल्यांची आठवण ठेवून काढलेल्या आहेत. त्या भेगांतून चालताना दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या पोटात कोणाची तरी चूल, कोणाची खाट, कोणाची दारे-खिडक्या आहेत. २०२६ सालासाठी इटलीची पहिली 'समकालीन कलेची राजधानी' म्हणून निवड झाली ती याच जिबेल्लीनाची.

सूचीकाराने नोंद केलीच, तर तोही येथे साहित्याखाली सिमेंट आणि घरांचे अवशेष असेच लिहील, कारण हेही संमिश्र माध्यमच आहे. अपेक्षित किमतीच्या रकान्यात मात्र त्याला काही लिहिता येणार नाही. आणि ज्यांची घरे त्या सिमेंटखाली आहेत, ते तेथे येतात तेव्हा त्यांना त्या आकड्याची गरजही भासत नाही.